बाबा, ही प्रार्थना तुम्ही लिहून द्याल का?

नागपूर
सोमवार, रात्री

प्रिय आई-बाबा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

बाबा आता कठड्याला धरून जिना चढतात, हे दादाने सांगितलं. देवाची स्तुती असो. इकडे ऊन एप्रिलमध्येच चाळिशीपार गेलं आहे. कूलरच्या ताट्या बदलून घेतल्या. आई, कुरडयांचा घाट मी यंदा घातला नाही, विकतच्या आणणार आहे. फोनवर बोलून घेशील ते माहीत आहे, म्हणून आधीच लिहिते.

पत्राचं कारण मात्र वेगळं आहे, आणि ते बाबांकडे आहे.

1 मेच्या आधीच्या रविवारी उपासनेत बेकार झालेल्यांसाठी मध्यस्थीची प्रार्थना घ्यायची, असं चर्चच्या पास्टोरेट कमिटीत, म्हणजे आपल्या कारभारी मंडळात, ठरलं. बुटीबोरीच्या एका कंपनीने ठेकेदाराकडची माणसं कमी केली. त्यात आपल्या मंडळीतली बरीच पोरं निघाली. काहींचा शेवटचा पगारही अडकलेला आहे. सेक्रेटरी मी, म्हणून प्रार्थना लिहून आणायचं काम माझ्याकडे आलं.

लिहायची की नाही यावरच आधी अर्धा तास गेला. एकजण म्हणाले, लिहिलेली प्रार्थना म्हणजे अर्ज वाचल्यासारखं होतं, आत्मा सुचवेल तसं बोलावं. बाबा, मला तुमची गोष्ट आठवली. 29 नोव्हेंबर 1970 ला इथल्याच ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एक होऊन आपली सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली, तेव्हा अँग्लिकन पुस्तक उघडून प्रार्थना करणारे आणि आपण स्कॉटिश मिशनवाले डोळे मिटून बोलणारे. पन्नास वर्षं उलटून गेली, पण तो वाद काही मिटलेला नाही.

मी लिहिण्याच्या बाजूने आहे. डोळे मिटून बोलणारा माणूस भरात आला की नावं घेतो. त्या बैठकीतही सूचना आलीच, की ज्यांची कामं गेली त्यांची नावं वाचू, म्हणजे मंडळीला कळेल. हेतू चांगलाच होता. पण ज्याचं नाव वाचलं जाईल तो पुढच्या रविवारी येईल का, हे कोणाच्याच मनात आलं नाही.

ते माझ्या मनात आलं, कारण मी तुमच्या घरात वाढले. हिंगण्याची तुमची कंपनी बंद पडली तेव्हाची गोष्ट. 2002 ला एम्प्रेस मिलही बंद झाली, गावात जो तो कामाच्या शोधात. तुम्ही चर्चला यायचं सोडलंत. आई आम्हा दोघांना घेऊन जायची आणि निघताना माझ्या मुठीत एक रुपया द्यायची, थैलीत टाकायला. लोकांना वाटलं तुमचा विश्वास डळमळला. मला वाटतं, तुम्हाला दोनच गोष्टी नको होत्या. एक म्हणजे समोरून फिरत येणारी ती दानाची थैली. दुसरी, उपासना सुटल्यावर दारात उभं राहून कोणीतरी मायेने विचारणार, "काय करून राह्यले भाऊ सध्या?" घरी प्रार्थनेला मात्र तुम्ही रोज बसायचात. "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" या ओळीला तुमचा आवाज जरा चढायचा. लहानपणी मला त्याची भीती वाटायची.

आणि मागच्या गल्लीतल्या त्या मावशी. आई, तुला आठवतात ना? पिशवीभर तांदूळ घेऊन यायच्या आणि उलट तुलाच गळ घालायच्या, "गावाहून लई आले वो, माझ्या घरी किडून जातील, तेवढे ठेवून घ्या." किडत-बिडत काही नव्हते. मोठी झाल्यावर बायबलमधलं रूथचं पुस्तक वाचताना मावशींचं कोडं सुटलं. रूथ परदेशी, गरीब विधवा, आणि बवाज शेताचा मालक. बवाज आपल्या गड्यांना सांगतो, पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसं तिच्यासाठी गळू द्या आणि तिला धमकावू नका. रूथ शेतात वाकून वेचते, तिला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. बायबलमधल्याच लेवीय पुस्तकाच्या 19व्या अध्यायातला नियमही तोच आहे: शेताच्या कडा कापू नका, गळालेलं उचलू नका, ते गरिबाचं आणि परक्याचं. मावशी फारशा शिकलेल्या नव्हत्या. पण प्रवचनं देणाऱ्या पुष्कळांना जे जमलं नाही ते त्यांना जमायचं.

कमिटीत एका ज्येष्ठांनी पौलाचं वचन काढलं, जो काम करत नाही त्याने खाऊही नये. अर्धंच काढलं. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात पौल काम करायची इच्छा नसलेल्यांबद्दल बोलतो आहे. सकाळी चौकातल्या ठिय्यावर, रोजंदारीचं काम मिळायची वाट बघत, डबा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला इच्छा नाही, असं कोण म्हणेल? दहा-अकरा वाजले की उरलेले तोच डबा घेऊन घरी परततात. मत्तयाच्या 20व्या अध्यायात धनी विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे राहिलात? ते सांगतात, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. धनी त्यांना उपदेश करत बसत नाही. मळ्यात पाठवतो, आणि संध्याकाळी त्यांच्या हातावर पूर्ण दिवसाची मजुरी ठेवतो.

मी मसुदा लिहिला आहे. "प्रभू, तू सुताराचं काम केलंस, हातांना काम असणं म्हणजे काय ते तू जाणतोस" अशी सुरुवात केली. मग मजुरी अडकलेल्यांसाठी दोन ओळी. याकोबाने 5व्या अध्यायात लिहिलंय की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, तेवढंच घेतलं, नाव कोणाचं नाही. (आपल्या मंडळीत ठेकेदारही बसतात, तिसऱ्या बाकावर. त्यांनाही "आमेन" म्हणावं लागेल.) बाकीचं सगळं मात्र बाहेरून लिहिल्यासारखं झालंय. "बेकार बांधवांना धीर दे" हे वाक्य मी तीनदा खोडलं. धीर देणारे फार असतात.

म्हणून बाबा, तुमच्याकडे मागते. त्या दिवसांत तुम्ही देवाकडे काय मागत होतात? काम मागत होतात हे उघड आहे, पण त्याखेरीज? आणि चर्चमध्ये बसून काय ऐकायला मिळालं असतं तर पुढच्या रविवारी परत आला असतात? आम्ही कधी विचारलं नाही, तुम्हीही बोलला नाहीत. सांगायचं नसेल तर राहू द्या, मी आहे तोच मसुदा नीट करेन. पण चार ओळी दिल्यात तर तुमचं नाव न सांगता वाचेन. हाताने लिहा आणि दादाला फोटो काढून पाठवायला सांगा. गुरुवारपर्यंत आलं तर बरं, शुक्रवारी कागद छापायला जातील.

अजून एक. त्या रविवारी थैली बाकांमधून न फिरवता दाराशी पेटी ठेवावी, आणि मागच्या खोलीत तांदूळ-डाळीच्या पिशव्या ठेवून खोली उघडीच राहू द्यावी, समोर कोणी बसू नये, असं मी सुचवलं. पिशव्यांना लगेच मान्यता मिळाली. पेटीला खजिनदार तयार नाहीत, म्हणतात दान निम्म्यावर येईल. येईलही. तुम्ही त्या वेळी चर्चला यायचं का सोडलंत, हे त्यांना एकट्याला सांगितलं तर ते ऐकतील असं वाटतं, तुमच्याबद्दल त्यांना फार आदर आहे. सांगू का? तुम्ही नको म्हणालात तर विषय इथेच सोडेन.

तुमची लेक