तुझंच खरं होतं, पण अर्धंच

दिल्या,

दिवाळीत फोन करतो म्हणालो होतो, ती गेल्या वर्षीची दिवाळी. शिव्या दे. बीपीची गोळी लागलीय, बाकी ठणठणीत.

लिहायचं कारण म्हणजे नेमाड्यांची 'कोसला' कादंबरी परत वाचली. मागच्या महिन्यात रात्री अकराला पोराचा होस्टेलवरून फोन, पप्पा, इथं कशातच अर्थ वाटत नाही, सोडून घरी येऊ का. मला डायरेक्ट तिच्यातला पांडुरंग सांगवीकरच आठवला. नवी प्रत आणली, जुनी तू ढापलीस, तिच्यावर मेसच्या आमटीचा डाग आहे, नाही म्हणू नको.

तर भो, मी चक्क वैतागलो. विशीत आपण दर वाक्याला उदाहरणार्थ आणि वगैरे लावत हिंडायचो, अर्पणपत्रिका शंभरातल्या नव्याण्णवांना, तर आपण स्वतःला उरलेला एक समजायचो! आता हा पांडुरंग मेसचा सेक्रेटरी होऊन हिशोबाचा बट्ट्याबोळ करतो तर मला त्याची नाही, त्याच्या बापाच्या पैशांची काळजी. तू तेव्हा म्हणालेलास, बापाच्या जीवावर उदास व्हायला काय जातं, आणि मी आठवडाभर तुझ्याशी बोललो नव्हतो, चहा मात्र तुझ्याच खात्यावर पीत होतो.

पण मग त्याची धाकटी बहीण मनी जाते. देवी येऊन. तिथं पुस्तक पालथं टाकून मी गच्चीवर गेलो, हिला वाटलं ऑफिसचं काही झालं. १९६३ला पंचविशीतल्या पोरानं पहिल्याच कादंबरीत हे लिहिलं, आपण पंचविशीत एमपीएससीचे फॉर्म भरत होतो. त्यामुळे तुझं अर्धंच खरं. पुढे परत लांबण लागतेच, एकदोनदा तर मला डुलकी लागली.

खरं सांगू? ते वडील वाचताना सारखे आमचे अण्णाच समोर यायचे. कापूस विकून आले होते तो दिवस. बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या, रबर लावलेल्या, घामानं ओल्या. तेवढ्यात ती नागपूरची पोरं दारात आली आणि मी म्हणालो, गावाकडचे आहेत, निरोप घेऊन आलेत. अण्णा काहीच बोलले नाहीत, टोपी नीट केली फक्त. तूच त्यांना चहाला घेऊन गेलास. तिथं काही म्हणाले का रे? इतकी वर्षं विचारायचं राहिलं, आणि आता त्यांना जाऊनही सहा वर्षं झाली. हिला हे अजून माहीत नाही.

पोराला मी काय सांगितलं असेल? आधी सेमिस्टर संपव, मग बघू. आवाज अगदी अण्णांचा.

वहिनींचा गुडघा कसाय? पोरीचं ठरलं असं कळलं, झकास. भरिताची वांगी आलीत, कळण्याची भाकरी करायला लावतो, एखाद्या रविवारी ये. माझी प्रत आण.

तुझा,
बाळ्या