पंच म्हणून समन्स

प्रिय सुध्या,

पत्र नाही म्हणून शिव्या घातल्या असशीलच; घाल. तब्येत ठीक, गोळ्या चालू. मुद्दा असा की मला समन्स आलंय. पंचनाम्याचा पंच म्हणून साक्षीला!

खालच्या मजल्यावर घरफोडी झाली तेव्हा पोलिसांनी हाक मारली आणि मी उड्या मारत गेलो. वाटलं, कुणीतरी 'सीआयडी' मालिकेतल्या एसीपी प्रद्युम्नसारखी बोटं फिरवत उभा असेल. तिथे एक हवालदार टेपने खिडकी ते कपाट अंतर मोजत होता, दुसरा मान खाली घालून लिहीत होता. तुटलेलं कुलूप पाकिटात, पाकिटावर चिठ्ठी, चिठ्ठीवर आम्हा दोघा पंचांच्या सह्या, वर लाखेचं सील. पहाट झाली. मालिकेतल्या त्या दयाने इतकी दारं तोडली रे, एकाचा तरी पंचनामा झालेला पाहिलास?

तू म्हणशील, मी १९९८ पासून हेच ओरडतोय. ओरडायचास खरा. राज्याच्या सीआयडीचं मुख्यालय पुण्यात, मुंबईतला तपास क्राइम ब्रँचचा, मग आयुक्तालयातला एसीपी सीआयडीत काय करतोय? त्यांचा फॉरेन्सिकवाला डॉ. साळुंखे पोस्टमॉर्टेमही करणार, विषही ओळखणार, डीएनएही जुळवणार, तेही जाहिरातींच्या आत! आणि आरोपीने पोलिसांसमोर रडत दिलेली कबुली कोर्टात पुरावा धरत नाहीत, तरी हे जागच्या जागी फाशी सुनावून मोकळे. मालूने तुला तेव्हा घराबाहेर काढायचं बाकी ठेवलं होतं. माझं म्हणणं आजही तेच : २००४ साली १११ मिनिटांचा भाग एकाही कटशिवाय चित्रित करणाऱ्यांना सगळं माफ. प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम आधी बँकेत कॅशियर होते, पण एसीपी म्हणून कसे शोभले!

पण माझं काय? मधे वर्षं गेली. वकील विचारणार, कपाट दाराच्या उजवीकडे की डावीकडे? लाख तुमच्यासमोर लावली का? सही करण्यापूर्वी वाचलंत का? मला फक्त हवालदाराची जांभई आठवते. अडखळलो तर सरकारी वकीलच मला फितूर ठरवून उलटतपास घेणार. मालू आतापासूनच 'फितूर' म्हणून हाक मारतेय. झोप उडालीय.

जन्म कोर्टात काढलास, तर सांग : साक्षीआधी पंचनामा वाचायला देतात का? 'आठवत नाही' म्हटलं तर चालतं?

मिनूचं ठरल्याचं कळलं, अभिनंदन. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? वहिनींना नमस्कार.

तारीख पुढच्या सोमवारी आहे. आधी फोन कर, आणि साळुंखेवरून सुरुवात केलीस तर ठेवून देईन.

तुझा,
बंड्या