बाबा, ओटीची भिंत एवढ्यात पाडू नका

प्रिय आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी चेक प्रजासत्ताकातल्या होलाशोवित्से या जुन्या खेड्याला जाऊन आले. प्रागहून दक्षिणेला रेल्वेने चेस्के बुदेयोवित्से, तिथून पश्चिमेला पंधराएक किलोमीटर. गाव एवढंसं, जेमतेम दीडशे माणसं. मधोमध लांबट हिरवळ, तळं, 1755 सालचं छोटं चॅपल, आणि भोवती 23 शेतकऱ्यांची घरं. प्रत्येक घराची त्रिकोणी माथ्याची भिंत हिरवळीकडे तोंड करून. पिवळी, गुलाबी, फिकट हिरवी. त्यांवर चुन्याची वेलबुट्टी. दोन घरांमध्ये कमानीचा दरवाजा, आत अंगण, मागे धान्याचं कोठार, त्यामागे शेत. आई, तुला तिथलं अंगण फार आवडलं असतं.

हे गाव दोनदा रिकामं झालंय. 1292 मध्ये राजा दुसरा वेन्सेस्लास यानं ते एका ख्रिस्ती मठाला दिलं. पुढे 1520 ते 1525 दरम्यान प्लेग आला आणि गावात दोनच माणसं उरली. दोन! हिरवळीच्या उत्तर टोकाला त्याची आठवण म्हणून स्तंभ आहे. मी तिथे बराच वेळ उभी होते. त्या दोघांनी संध्याकाळी दिवा कुणासाठी लावला असेल, हेच मनात येत राहिलं. मग मठानं बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून माणसं आणून वसवली. त्यांच्या जर्मन बोलणाऱ्या वंशजांना दुसऱ्या महायुद्धानंतर देशाबाहेर घालवलं, आणि कितीतरी घरं ओस पडली, ढासळू लागली. पण राहायलाच कुणी नाही, तर पाडून नवं कोण बांधणार? मला वाटतं, म्हणूनच जुने चेहरे टिकले. 1990 पासून लोकांनी ती दुरुस्त केली, राहायला आले, आणि 1998 मध्ये युनेस्कोनं गाव जागतिक वारशात घेतलं. आजही तिथे खिडकीत कुंड्या आहेत, दोरीवर कपडे वाळतात.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात की मेमध्ये ओटी पाडून स्लॅब टाकायचा. पाऊस गळतो, कौलं चढवायला माणूस मिळत नाही, आणि तुमचे गुडघे दुखतात, हे मला कळतं. मागचं न्हाणीघर आणि स्वयंपाकघर खुशाल नवं करा, त्याचे पैसे मी पाठवते. पण आजोबांच्या हातची ओटी, ते सागवानी खांब, तेवढं मी येईपर्यंत राहू द्या. 20 एप्रिलला पोचते. तोवर आईला सांगून खांबांना वाळवी लागलीय का, तेवढं बघून ठेवा.

तुमची,
मनू