आरपार म्हणजे किती?

महोदय,

अमेरिकेतल्या स्पिरिट एअरलाइन्सने जानेवारी 2025 मध्ये नियमावली बदलली. अनवाणी, आरपार दिसणाऱ्या कपड्यांतल्या किंवा अश्लील टॅटू असलेल्या प्रवाशाला विमानातून उतरवता येईल, असे त्यात आले. पण आरपार म्हणजे किती, हे दारात उभ्या मुलीनेच ठरवायचे ना? मी 22 वर्षे त्या दारात उभी होते, म्हणून लिहिते. एकदा वरिष्ठांच्या सांगण्यावरून एका बाईंना खांद्यावर ब्लँकेट घ्यायला लावले. त्यांनी मुकाट्याने घेतले. उतरताना मात्र माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याच फेरीत एक गृहस्थ नुसत्या बनियनवर पाय पसरून घोरत होते. त्यांना कुणी हटकले नाही. (मीही नाही.)

2017 मध्ये युनायटेड या अमेरिकी विमान कंपनीने लेगिंग्ज घातलेल्या मुलींना अडवले, तो नियम कर्मचाऱ्यांच्या पासवर प्रवास करणाऱ्यांपुरता होता. गदारोळात ते बाजूलाच पडले.

नियम हवाच असेल तर पायांपासून सुरुवात करा. संकटात विमानातून बाहेर पडायच्या घसरगुंडीवर उंच टाचा चालत नाहीत, आणि नायलॉन आगीत वितळून कातडीला चिकटते. प्रशिक्षणात आम्ही घोकायचो ते हेच: टाचा काढा, सामान सोडा.

– एक निवृत्त हवाई सेविका