ती पोरं वर्षभरानं कुठे जाणार?

निगडी, पुणे

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज आईला आला, मला नाही. म्हणजे राग आहे अजून. असू दे.

फोनवर आपलं पाच मिनिटांत वाजतं म्हणून लिहितोय. तुझ्या कामात नाक खुपसणार नाही असं आईला कबूल केलंय, तेव्हा खरं तर डिपॉझिट आणि गॅसचंच लिहायचं होतं. डिपॉझिट भरलंय, पावती तुला पाठवली आहे. शेगडी शनिवारी दादा आणून देईल. झालं.

आता मला सांग, तुम्ही कारखान्यात अ‍ॅप्रेंटिस (शिकाऊ कामगार) म्हणून लावताय ती आयटीआयची पोरं वर्षभरानं कुठे जाणार?

आयटीआय आणि कारखान्यामधला तुमचा कराराचा कागद मी वाचला. तू टेबलावर विसरून गेलीस तो. चांगला आहे. आयटीआयच्या सरांनी सुट्टीत चाकणच्या कारखान्यात बसायचं, कारखान्यातल्या टूलरूमवाल्यानं, म्हणजे साचे-हत्यारं बनवणाऱ्यानं, शनिवारी जुन्नरला येऊन शिकवायचं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? तुझ्या असेल तर शाब्बास. आणि तो पुढचा रस्ता, आयटीआयनंतर वर्षभर अ‍ॅप्रेंटिस, मग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, तिथून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. नियमात ही सोय आहेच, पण पोरांना हाताला धरून तिथवर नेणारं कुणी नसतं. आमच्या वेळी फिटर लागलेला माणूस फिटर म्हणूनच रिटायर व्हायचा. जोशीकाकांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुमची पोरगी मोठं काम करतेय. मी म्हटलं, बघू.

मला औंधच्या आयटीआयत सुरुवातीला फक्त कानस दिली होती. लोखंडाचा एक ठोकळा आणि कानस. तळहाताला फोड यायचे. सर ठोकळ्यावर काटकोन तपासायचा गुण्या लावून तो खिडकीकडे धरायचे. गुण्याखालून केसाएवढा जरी उजेड दिसला, तरी काही न बोलता ठोकळा परत हातात. मग एक दिवस उजेड दिसला नाही. सरांनी ठोकळा खिशातल्या रुमालानं पुसला आणि टेबलावर ठेवला, बस्स. कंपनीत आल्यावर उस्ताद भेटला तोही तसाच. मी मायक्रोमीटर चुकीचा धरला की माझा अंगठा धरून सरळ करायचा. म्हणून मला जे काही येतं ते येतं. पण माझ्याच बॅचची काही पोरं दुसऱ्या एका कारखान्यात होती, त्यांना वर्षभर पॅकिंगला उभं केलं. सर्टिफिकेट माझ्यासारखंच मिळालं. नंतर परत दारोदार. दिलीप त्यातलाच. दिलीपचं पुढे काय झालं ते तुला माहीत आहे.

म्हणून विचारतो. अ‍ॅप्रेंटिस कायदा 1961 चा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यानं अडीच ते पंधरा टक्के अ‍ॅप्रेंटिस घ्यायलाच हवेत, आणि ते टक्के काढताना कंत्राटी माणसंही धरायची. 2019 च्या नियमांत आयटीआय झालेल्या पोराला महिन्याला किमान सात हजार ठरवले, त्यात सरकार पाव हिस्सा, पंधराशेपर्यंत, घालतं. हे सगळं ठीक. पण वर्ष संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन कायद्यात आधी नव्हतं आणि आताही नाही. 2014 च्या दुरुस्तीत एवढंच आलं की कंपनीनं अशा पोरांच्या भरतीचं स्वतःचं धोरण ठरवावं. मग ते धोरण माग ना! करारावर सह्या करताना एचआरवाले फोटोला उभे राहतात, तेव्हाच म्हणायचं, साहेब, तो कागद दाखवा. गेल्या बॅचमधले किती ठेवून घेतले तेही विचार. आणि प्रत्येक पोराचा उस्ताद कोण, त्याचं नाव. नाव लिहिलेलं नसेल तर पोरगं झाडूला लागलं म्हणून समज.

भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपना विसरू नकोस. तीसपेक्षा कमी माणसं, म्हणून सक्ती नाही, पण हात तिथेच तयार होतात.

भाषण झालं. राहू दे. तुला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि रविवारीही तू हेच सांगत होतीस, मी मध्येच बोलत होतो.

नानांची आठवण येते. कर्मवीरांच्या बोर्डिंगात राहून, खडी फोडून शिकले. ‘कमवा आणि शिका’ म्हणजे काय ते त्यांच्या हाताच्या घट्ट्यांवरून कळायचं. पण शिकून झाल्यावर रयतच्याच शाळेत मास्तर म्हणून लागले. खडी फोडायला लावणाऱ्यांनी पुढचीही सोय केली होती, बघ. मी पुन्हा तिथेच आलो का? आलो.

दुसरं म्हणजे एसटी. नारायणगावकडची पोरं सेकंड शिफ्ट सुटल्यावर चाकणहून घरी कशी जाणार? रात्री गाडी मिळत नाही, हायवेवर ट्रकांची रांग. पोरं शिकायला नाही म्हणत नाहीत, रोजच्या जाण्यायेण्यानं सोडतात. मुलींचे बाप तर पहिल्याच आठवड्यात बंद करतील, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. कंपनीची बस मंचरपर्यंत तरी मागून घे. टोमॅटोच्या हंगामात हजेरी पडली तर पोरांवर चिडू नकोस, घरच्या तोडणीला माणूस लागतो. आणि तू स्वतः आठनंतर त्या हायवेवर स्कूटर काढायची नाही. हे मात्र विनंती म्हणून नाही.

आईची तपासणी मंगळवारी आहे. काळजीचं काही नाही, ती म्हणते. डॉक्टर काय म्हणतात ते कळवीन.

आता जे रविवारी बोलायचं होतं ते. तुझी नेमणुकीची ऑर्डरही अकरा महिन्यांचीच आहे. तू त्या पोरांसाठी भांडतेस, ठेवून घ्या म्हणतेस, आणि तुला कोण ठेवून घेणार हे कुठल्याच कागदावर नाही. प्रोजेक्टचे पैसे संपले की प्रोजेक्ट संपला. बँकेच्या नोकरीचा फॉर्म भर म्हटलं ते यासाठी, तुझं काम हलकं वाटतं म्हणून नाही. तू मात्र तेच ऐकलंस. फॉर्मची तारीख गेली, तो विषय संपला. पण रिन्यूअलचं विचार. तोंडी नको, मेलवर विचार, आणि मार्चच्या आधी. उत्तर आलं की मला पाठव. आईला नाही, मला.

तुझा,
बाबा