रविवारी मशीन आणणाऱ्यांसाठी: आधी बॅटरी बघा

नमस्कार मंडळी,

रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या जागी जुने ३८६, ४८६ (इंटेलच्या त्या काळच्या प्रोसेसरचे संगणक) उघडायचे आहेत. कळकळीची विनंती, माळ्यावरून काढलेलं मशीन लगेच प्लगला लावू नका. त्या काळच्या बऱ्याच मदरबोर्डांवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती गळते आणि आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा खाते. माझ्या ४८६ ची एक रेषा अशीच गेली, शेवटी केसाएवढी तार जोडून बोर्ड वाचवला. हिरवट थर दिसला तर बॅटरी कापून काढा, हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने पांढरं व्हिनेगर लावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. काढलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नका, डबीत घालून आणा.

डिस्क कुणीही घरी फॉरमॅट करू नये! आधी तिची इमेज, म्हणजे संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत, काढू. त्यात कुणाच्या वडिलांची पत्रं असू शकतात, आणि मराठी मजकूर असला तर त्याचे जुने फॉन्टही जपायला हवेत, नाहीतर नुसती अगम्य अक्षरं दिसतील.

डॉस ६.२२ (विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टम) च्या तिन्ही फ्लॉपी मी आणतो. जुन्या बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रामला) डिस्कचं ५०४ एमबीच्या पुढचं दिसत नाही, म्हणून हार्ड डिस्कच्या जागी लावायचं कॉम्पॅक्ट फ्लॅश मेमरी कार्ड लहानच आणा.

– संयोजक