घर बदलताना मुलांना रडू दे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

बदलीचं नक्की झालं हे फोनवर कळलं. सामानसुमानाचं तुम्ही दोघं बघालच. मी लिहितोय ते नातवंडांसाठी.

थोरलीला आजच सांगून टाक. बारा वर्षांची मुलं आपल्या कुजबुजीवरून सगळं ताडतात आणि लपवल्याचाच राग जास्त धरतात. मात्र ‘जायचं का आपण?’ असं विचारू नकोस. ती ‘नाही’ म्हणाली तर काय करशील? तिच्या हातात खरंच जे आहे ते तिला ठरवू दे. खोलीचा रंग, पलंगाची जागा, मैत्रिणींचा निरोप कसा घ्यायचा ते. ‘तिकडे नव्या मैत्रिणी मिळतील’ हे तर तोंडातूनही काढू नकोस. मिळतीलच, पण आज तिला याच हव्यात. रडली तर रडू दे, भांडली तर ऐकून घे. नव्या घराचं कौतुक तिच्या गळी उतरवायची घाई नको.

धाकट्याला थोडे दिवस आधी सांगितलंस तरी पुरे. तीन वर्षांच्या पोराला ‘दोन महिन्यांनी’ म्हणजे काय ते कळत नाही. खोकी भरायला लागली की आपली खेळणी इथेच राहतील, कदाचित आपणही, अशी धास्ती त्याला बसू शकते. म्हणून त्याचं सामान सगळ्यात शेवटी बांध आणि तिथे सगळ्यात आधी सोड. ते फाटकं पांघरूण टाकायची हीच संधी, असं सूनबाईच्या मनात असेल, पण आत्ता नको. पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला तर रागावू नका. घडी बसली की बहुधा थांबतं.

सुट्टीतच जावं, असं सगळे म्हणतात. अभ्यास बुडत नाही हे खरं, पण सुट्टीत ओळखी तरी कुणाशी होणार? मध्येच आलेल्या मुलीकडे निदान वर्गाचं लक्ष जातं. आपली थोरली बुजरी आहे, म्हणून शाळा सुरू होण्याच्या जरासंच आधी पोहोचा.

सुरुवातीला दोघं मजेत दिसली तर त्यावर जाऊ नकोस. बऱ्याचदा नवलाई ओसरल्यावर खरी आठवण येते, आणि तोवर तू कामात बुडालेला असशील. झोप, जेवण बिघडलं आणि ‘शाळा नको’ हे आठवडेच्या आठवडे चाललं, तर शाळेतल्या समुपदेशकांशी बोल.

सामान हलवायच्या दिवशी धाकट्याला सांभाळायला मी येतो. पण त्याला दिवसभर बाहेर फिरवत बसणार नाही. आपल्या वस्तू गाडीत चढताना त्याने पाहिलेल्या बऱ्या.

तुझे,
बाबा